शब्दावरचं घर

आमच्या कॉब्स हिलवर घर विकायची पद्धत नव्हती, घर बोलायची पद्धत होती. ज्याला घर द्यायचं त्याचं नाव चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर, उभं राहून घ्यायचं. पैसे घ्यायचे असले तर तेही तिथंच बोलायचे. मंडळी आमेन म्हणाली की झालं. मग ज्याचं नाव घेतलं त्यानं घराला हात लावायचा. म्हणजे मालक अजून जिवंत आहे, त्याच घरात राहतो आहे, तरी छप्पर, कुंपण, विहीर यांचं काम आपलं समजून सुरू करायचं. हात लावला नाही तर लोक म्हणायचे, याला घर नकोय. माझ्या आजोबांना घर असंच मिळालं, त्यांच्या मामांनाही असंच. कागद कुणाकडेच नव्हता. इंग्रज राजाच्या माणसांनी आमच्या पूर्वजांना ही खडकाळ टेकडी दिली तेव्हा कागद द्यायचा राहून गेला, आणि दोनशे वर्षं आम्ही एकमेकांच्या शब्दावर इथं राहिलो.

पाळकबाबांनी आमचं नाव घेतलं तो सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार होता. पाळकबाबा म्हणजे रेव्हरंड एल्सवर्थ डिग्ज. माझा बाप्तिस्मा त्यांनी केला, माझं आणि गार्नेटचं लग्न त्यांनी लावलं, माझ्या आईला मातीही त्यांनीच दिली. पण खरं सांगायचं तर माझा जीव जडला होता तो त्यांच्या उपदेशावर. ते आधी साधं बोलायचे, कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं. कुणाच्या गुडघ्याचं दुखणं, खाडीवरचं धुकं, दुकानातल्या मॅकरेल मासळीचा भाव. मग एखादं वाक्य जरा लांबायचं. त्याच्या टोकाला आवाज वर चढायचा आणि तिथंच बसून राहायचा, तारेवर पाखरू बसावं तसा. ऑर्गन वाजवणाऱ्या मार्व्हेलमावशीला तेवढी खूण पुरायची. ती तो सूर अलगद उचलायची, आणि पुढचं वाक्य मग बोलणं राहायचं नाही, गाणं व्हायचं. आम्ही उत्तर द्यायचो. असा उपदेश एकट्यानं होतच नाही, उत्तर देणारे लागतात. आठवडाभर मी वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात पातेली घासत असायचे ती रविवारच्या त्या एका क्षणासाठी, जेव्हा बोलणं कूस बदलून गाणं होतं.

त्या रविवारी ते गातच म्हणाले की देव दार आतून उघडतो, कारण तो आधीच घरात बसलेला असतो. मग गाणं थांबवून साध्या आवाजात म्हणाले, "माझ्यामागं माझं घर गार्नेट आणि लुरीनचं. रोशेलचं नवं घर बांधून झालं की मी तिच्याकडं जाणार. तेव्हा या दोघांनी घर घ्यावं. पाळकीणबाई वारल्या त्या वर्षी सरकारनं करासाठी जी किंमत लावली होती, तीच मला द्यावी. त्यावर एक डॉलर नको." मंडळी आमेन म्हणाली. एवढ्या जोरानं की गार्नेट दचकला आणि माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला.

रोशेल त्यांची एकुलती एक मुलगी. दूर ऑंटारियो प्रांतात दातांच्या दवाखान्यात कामाला. तिकडं शहराबाहेर नवी वसाहत होणार होती. तिथलं घर तिनं नकाशावर बघूनच नोंदवलं होतं. खालच्या मजल्यावर बाबांसाठी खोली, वेगळं न्हाणीघर, पायऱ्या चढायला नकोत. फोनवर तिनं मलाही सगळं सांगितलं होतं आणि म्हणाली होती, "लुरीन, तू त्या घराची काळजी घे, मी या म्हाताऱ्याची घेते. वाटणी बरोबर झाली की नाही?" आम्ही हसलो होतो.

तेव्हा आम्ही जवळच्या डार्टमथ शहरात एका घराच्या तळघरात भाड्यानं राहत होतो. दोन पोरी, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती घरमालकाच्या गाडीची चाकं. त्यामुळं हात लावायला आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. गार्नेट बंदरावर कंटेनर हलवायचा आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर असायचा. चर्चमधले आणखी काही जण घेऊन त्यानं जुनं छप्पर उतरवलं, नवं चढवलं. मी खाली चुलीवर बीन्सचं पातेलं ठेवून बसलेली, आणि पाळकबाबा खुर्ची टाकून अंगणात, वर पाहून प्रत्येकाला नावं ठेवत. पुढल्या वर्षी तेलाची गंजलेली टाकी काढून घर गरम ठेवणारा हीट पंप बसवला. मी स्वयंपाकघराच्या भिंती खरवडल्या, त्यातून रंगाचे किती थर निघाले देव जाणे, आणि पोरींनी निवडलेला पिवळा रंग दिला. पाळकबाबा दारात उभे राहून म्हणाले, "हिला हे घर द्यायला मला उशीरच झाला म्हणायचा." या शब्दांवर मी बरेच दिवस जगले.

त्याच सुमारास सरकारला जाग आली. टेकडीवरच्या लोकांना मालकीचे कागद करून द्यायचं ठरलं, फुकट वकील मिळाले, मोजणीवाले आले. पाळकबाबांचा कागद सगळ्यांत आधी हातात पडला. आम्ही चर्चच्या तळघरात जेवण घातलं, गाणी म्हटली. मार्व्हेलमावशीनं कागद चष्म्याजवळ धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "म्हणजे आजवर आपण काय हवेत राहत होतो?" सगळे हसले. मीही हसले. कागद नव्हता तोवर बाहेरच्या माणसाला आमची टेकडी दिसतच नव्हती, आणि आता दिसायला लागली, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग ती साथ आली, आणि साथीबरोबर ऑंटारियोची माणसं. त्यांना म्हणे घरी बसून काम करायची मुभा मिळाली होती. तिथलं खुराड्याएवढं घर विकलं की इकडं समुद्राकाठी बंगला यायचा. येऊन बघायचीही गरज नाही. दलाल फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरायचा आणि तिकडची माणसं चित्रात पाहून घर घ्यायची, वर मागितल्यापेक्षा जास्त द्यायची, घराची तपासणी नको म्हणायची. मार्व्हेलमावशी म्हणायची, "आपण लॉबस्टरसुद्धा हलतोय का बघून घेतो." पुढं टेकडीच्या पायथ्याला एक घर गेलं, मग दुसरं. चर्चनंतर अंगणात गप्पा रंगायच्या त्या घरांच्या भावाच्या. आमच्या तळघराचं भाडं वाढलं. पण आम्हाला काळजी नव्हती. बँकेनं आम्हाला कर्ज देऊ म्हणून सांगितलं होतं, पहिल्या भरण्याची रक्कम जवळपास जमली होती, आणि भाव तर आमचा ठरलेलाच होता. बाजार बाजाराच्या जागी, आम्ही आमच्या.

त्या वसंतात एका शनिवारी मी पडद्यांची मापं घ्यायला म्हणून गेले. अंगणात दलालाची पाटी रोवलेली होती. तिच्यावर आडवी पट्टी, विकलं म्हणून. दाराच्या कडीला किल्ल्यांची पेटी लटकत होती. मी आधी पाटी पाहिली, मग पेटी, मग परत पाटी. वाटलं, कुणीतरी चुकून आमच्या अंगणात रोवली.

फोनवर शोधलं तर घराची जाहिरात निघाली. जाहिरातीतलं पहिलंच चित्र माझ्या स्वयंपाकघराचं होतं. खाली लिहिलं होतं, नवं छप्पर, नवा हीट पंप, उन्हानं भरलेलं पिवळं स्वयंपाकघर, मालकीचा स्वच्छ कागद. घर गेलं होतं ठरलेल्या भावाच्या दुपटीहून वर. जे जे वाचून कुणा परक्याला मोह पडला असेल ते सगळं आमच्या हातचं होतं, कागद सोडून.

पाळकबाबा आतच होते. खोकी मांडून पुस्तकं भरत बसलेले. मला पाहून उठले, किटलीकडं वळले. "बस पोरी. चहा टाकतो."

मी बसले नाही. "घर विकलंत, बाबा?"

त्यांनी किटलीत पाणी भरलं. पाठमोरेच होते. "रोशेलचं अडकलं गं. बँक म्हणते पगाराच्या मानानं कर्ज मोठं होतंय, हातची रक्कम वाढव. नाहीतर नोंदवलेलं घर जाणार, भरलेलं सगळं बुडणार. एकुलती एक आहे."

"मग आम्हाला सांगायचंत."

"सांगून काय झालं असतं? तेवढे तुम्ही दिले असते?"

"तेवढे द्यायचे असं कुठं ठरलं होतं?"

त्यावर ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, मी खोटं बोलणार नाही. पण लाजेच्या वर दुसरंही काहीतरी होतं, उपदेश सुरू व्हायच्या आधी असायचं तसलं. म्हणाले, "मी काही मागायला गेलो नव्हतो, लुरीन. माणूस आपण होऊन दारात आला. देवानंच दार उघडलं."

"देवानं की दलालानं?"

ते किटलीकडं वळले. पाणी उकळायला लागलं होतं. मग सावकाश म्हणाले, "गार्नेटला सांग, छपराच्या सामानाचे पैसे मी देतो. मजुरीही धरू."

मजुरी. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. सकाळपर्यंत मी या घराची होऊ घातलेली मालकीण होते, त्यांची लेक होते. त्या एका शब्दासरशी मजूर झाले. मी मोजपट्टी पिशवीत टाकली आणि चहा न घेता निघाले.

मी सांगितलं ते गार्नेटनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून जोडे घालायला लागला. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाला, "हीट पंप उपटून आणतो. रात्रीचं जेवण झाकून ठेव." मी दारात आडवी उभी राहिले. तो भांडला नाही, तसाच जोड्यांनिशी पलंगावर बसून राहिला. त्यानंतर त्यानं चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. मला आणि पोरींना टेकडीवर सोडायचा, आणि उपासना होईपर्यंत बाहेर गाडीत बसायचा, थंडी असली की इंजिन चालू ठेवून. आत प्रार्थनेच्या शांततेत ती घरघर ऐकू यायची. सगळ्यांना ठाऊक होतं ती कशाची.

मी मात्र जात राहिले. देवाशी माझं भांडण नव्हतं. त्या पहिल्या रविवारी गायकांच्या रांगेत उभी राहिले तेव्हा ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पाळकबाबा बोलायला लागले, वाक्य लांबलं, सूर वर जाऊन बसला, मावशीनं तो उचलला, आणि माझ्या तोंडातून उत्तर निघून गेलं. मन दगड झालेलं, आणि तोंड आमेन म्हणतंय. मला स्वतःचाच संताप आला. नंतर अंगणात मी मावशीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "माझी बोटं वेगळं काय करतात? त्यांना सवय आहे बाई, त्यांना कुणी काही कळवलेलं नाही. मनातून मी त्या म्हाताऱ्याला केव्हाच उतरवलंय."

पण म्हाताऱ्याचं एक वेळ राहू द्या. मला जास्त बोचलं ते बाकीच्यांचं. त्या उपकारस्तुतीच्या रविवारी ज्यांनी छप्पर हलेल असं आमेन म्हटलं होतं, त्यातल्या एकानंही उठून विचारलं नाही की पाळकबाबा, तुम्ही तर नाव घेतलं होतंत. गार्नेटबरोबर छपरावर चढलेले होते तेही आपल्या जोड्यांकडं पाहत निघून गेले. एकजण मला म्हणाला, घर शेवटी त्यांचंच ना, कागदही त्यांच्याच नावाचा. कागदाचं नाव आमच्या अंगणात असं पहिल्यांदाच निघालं. पुढं कळलं की त्याच माणसानं स्वतःच्या घराचा भाव विचारायला दलालाला बोलावलं होतं.

घर घेणारं ऑंटारियोचं जोडपं शरद ऋतूत राहायला येणार होतं. त्याआधीच बाजाराची हवा पालटली. व्याजाचे दर चढायला लागले, एकदा चढले, पुन्हा चढले, मग प्रत्येक वेळी बातम्यांत तेच. त्या जोडप्याचं तिकडचं घर कुणी घेईना. ते विकलं तरच इकडचं घेणार, असा त्यांचा हिशेब, आणि अट तर त्यांनी कुठलीच घातली नव्हती, कारण तेव्हा अट घालणाऱ्याला कुणी घर देत नव्हतं. ते आलेच नाहीत. इसार सोडून दिला, वकिलाकरवी निरोप पाठवला. पाळकबाबांना तो इसार मिळाला, आणि तो तसाच रोशेलच्या खड्ड्यात गेला. पाटीवरची विकलं म्हणून असलेली पट्टी निघाली. त्या जागी नवी किंमत अशी पट्टी आली. मग तिच्यावर आणखी एक. बर्फ पडलं, वितळलं, पाटी तिथंच. आत पुस्तकं खोक्यांत, आणि पाळकबाबा खोक्यांच्या मधून वाट काढत एकटेच राहत.

रोशेलचं नवं घर बांधून झालं तेव्हा तर सगळंच उलटं झालं होतं. बँकेचा माणूस येऊन पाहून गेला आणि म्हणाला, ज्या किमतीला नोंदवलंत तेवढ्याचं हे घर आता नाही. मधला फरक रोख भरा. तिच्याकडं होतं काय? घर गेलं, आधी भरलेलं गेलं, वर बांधणाऱ्यानं दावा लावला. ती एका खोलीच्या भाड्याच्या जागेत गेली. हे मला पाळकबाबांनी नाही, तिनंच सांगितलं, फोन करून. रडली. म्हणाली, "आपल्यात वाटणी ठरली होती ना गं." मला तिचा राग करायचा होता, तो काही केल्या धरून ठेवता येईना. मी फोन ठेवून स्वयंपाकाला लागले.

पाळकबाबांचा उपदेशही त्या हिवाळ्यात सुकला. वाक्य लांबायचं, आवाज वर चढायला बघायचा, मावशी सूर देऊन वाट पाहायची, आणि ते पुन्हा साध्या बोलण्यावर उतरायचे. आम्ही उत्तर द्यायला तयार बसलेलो असायचो, उत्तर द्यावं असं काही यायचंच नाही. मला वाटलं होतं, असं झालं तर मला आनंद होईल. नाही झाला. घरासारखंच हेही आपल्या हातून गेलं असं वाटत राहिलं.

वसंत लागताना एका दुपारी ते आमच्या तळघराच्या पायऱ्या उतरून आले. मी माशांचे वडे तळत होते, गार्नेट पोरीची सायकल उलटी करून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. मी खुर्ची दिली. पाळकबाबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सरळच बोलले, फिरवून नाही. घर तुमचंच होतं, तुम्हीच घ्या, म्हणाले.

"कुठल्या भावानं?" गार्नेटनं सायकलच्या चाकाला विचारलं.

"लुरीन सांगेल त्या."

"भाव तुम्ही सांगितला होता, बाबा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

त्यांनी मान डोलावली. तोच, म्हणाले. त्यावर एक डॉलर नको. पुन्हा तेच शब्द आले तशी मला तेलाच्या कढईकडं बघावं लागलं.

मग त्यांचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी पाहिला मी तो तसा. पुढं सरकून म्हणाले, "या रविवारी सांगतो. तुमचं नाव पुन्हा घेतो, सगळ्या मंडळीसमोर. चुकलेला मेंढपाळ कळपाकडं परत येतो, असा उपदेश करीन. गार्नेट, तूही आत ये. मी आधी माझं चुकलं ते म्हणेन, मग..." आणि त्यांचा आवाज खरंच वर चढायला लागला, त्या तळघरात, तळणाच्या धुरात. मला सगळं ऐकू येत होतं. मावशी कुठं सूर देईल, आम्ही कुठं उत्तर देऊ, मंडळी कुठल्या शब्दाला उभी राहील. आणि मला ते ऐकायचं होतं. फार ऐकायचं होतं. आमेन म्हणून सगळं धुऊन निघालं असतं, त्यांचं, मंडळीचं, मान खाली घालून निघून गेलेल्या प्रत्येकाचं.

मी कढई खाली उतरवली. "चर्चमध्ये नको, बाबा. वकिलाकडं."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा टोपी गुडघ्यावरून खाली पडली. "माझ्याकडून कागद मागतेस?"

"हो."

"बाप्तिस्म्याला मी तुला पाण्यात धरून वर काढलं, लुरीन. माझ्या या हातांनी. आजवर या टेकडीवर कुणी पाळकाकडं कागद मागितला नाही."

"आजवर कुठल्या पाळकानं बोललेलं घर विकलं नव्हतं," गार्नेट म्हणाला. पहिल्यांदाच त्यांच्याकडं पाहून.

पाळकबाबांनी टोपी उचलली. उठताना गुडघ्याला हात लावला. मला वाटलं, गेलं हे घर, आता कायमचं गेलं. पायऱ्यांपाशी जाऊन ते थांबले आणि न वळता म्हणाले, वकिलाची वेळ घेऊन कळव.

बँकेत गेलो तेव्हा निराळंच दुखणं. भाव तोच, घर तेच, पण व्याज आता दुपटीहून वर. चार वर्षांपूर्वी जे घर आम्हाला अंगाबरोबर बसलं असतं, ते आता छातीत दाटत होतं. त्या चार वर्षांची किंमत बँकेनं आमच्याकडून वसूल केली, विकणाऱ्याकडून नाही. गार्नेटनं मालाच्या गाडीवर शनिवार-रविवारचं काम धरलं, म्हणजे चर्चच्या दाराशी गाडीत बसायचंही गेलं. मी वृद्धाश्रमात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दोन्ही घेतलं.

डार्टमथच्या वकिलाकडं खोलीत आम्ही तिघंच होतो. पाळकबाबांनी कोट घातला होता, दफनाला घालतात तो. वकीलबाई प्रत्येक पानावर बोट ठेवायची, आम्ही सही करायचो. आमेन म्हणायला कुणी नव्हतं. बाहेर आल्यावर गार्नेटनं मला विचारलं, आनंद झाला का. मी हो म्हटलं, कारण घर झालं होतं आणि पोरींना खिडक्या मिळणार होत्या. त्यानं आणखी विचारलं नाही.

टेकडीवर बातमी आधीच पोचली होती. मार्व्हेलमावशी ब्राउन ब्रेड घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "कागद मागितलास म्हणे. लोक बोलतायत तुझ्याबद्दल." मी विचारलं, कोण बोलतंय. ती म्हणाली, "घर विकायला काढलेले सगळे." ब्रेड माझ्या हातात कोंबून ती गेली.

किल्ल्या द्यायला पाळकबाबा घरातच थांबले होते. त्यांची खोकी भिंतीशी रचलेली. रोशेलच्या एका खोलीत त्यांची खाट मावत नव्हती, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पिवळ्या भिंतीकडं पाहिलं आणि गार्नेटला म्हणाले, रोशेलचं काही मार्गी लागेपर्यंत मागच्या खोलीत राहिलो तर चालेल का. गार्नेटनं माझ्याकडं पाहिलं.

खरं तर मी रात्रंदिवस देवाला विचारत होते, हा प्रश्न आला तर काय सांगू. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. पण समोर एक म्हातारा माणूस उभा होता, ज्यानं माझ्या आईला माती दिली होती. मी म्हटलं, "राहा. मागची खोली ऊबदार आहे."

त्यांचे डोळे भरले. एक खोकं उचलायला वाकले, मग तसेच थांबले.

"म्हाताऱ्या माणसाचं ओझं असतं, पोरी. उद्या मुली मोठ्या होतील, खोली हवी होईल. भाडेकरू ठेवलास तर हप्त्याला हातभार लागेल, असंही वाटेल तुला." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला बाहेर काढणार नाहीस एवढा शब्द दे."

आमच्या टेकडीवर पोरं स्वतःचं नाव सांगायला शिकतात तेव्हाच शब्द द्यायलाही शिकतात. त्यात अवघड काही नाही. मी तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. गार्नेट वाट पाहत होता, पाळकबाबा वाट पाहत होते.

"जेवण मिळेल, बाबा. अंथरूण मिळेल. आजारी पडलात तर मी उशाशी बसेन," मी म्हटलं. "पण शब्द मागू नका."

"एवढाच तर मागतोय."

"तेवढा देता येत नाही मला आता."

ते माझ्याकडं पाहत राहिले. रागानं नाही. ज्याचं दुखणं आपल्याच हातून झालं, त्याच्याकडं पाहतात तसं. मग त्यांनी पुस्तकांचं खोकं उचललं. ते जड होतं, त्यांना पेलेना. गार्नेट पुढं झाला, त्यानं दुसरं टोक धरलं, आणि दोघं जण, एकमेकांकडं न बघता, आडवे चालत ते मागच्या खोलीकडं घेऊन गेले.

मी किल्ल्या उचलल्या आणि जेवायला पाच पानं मांडायची तर ताटं पुरतील का ते बघायला कपाट उघडलं.